मी ‘कावून’ विचारलं

माझी लेक सुमन जुलाबांनी वाळत चालली होती आणि महाराजांचा हुकूम होता, दवाखाना नको, फक्त अंगारा. भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. आमचे हे बांधकामावर होते; भंडाऱ्याकडून येऊन आम्हाला वर्षही झालं नव्हतं.

आज लोक हसतात, एवढी तोंडाळ बाई महाराजांच्या नादी लागलीच कशी? अहो, ठरवून कोणी नादी लागत नाही. कामगारांच्या कॅम्पात एका बाजूला तेलुगू, दुसरीकडे पंजाबी. आपल्या बोलीत दोन शब्द बोलायला माणूस नव्हतं. पावर हाउसजवळच्या महाराजांच्या सत्संगात बायकांनी मला नावाने हाक मारली, माझ्या तापात भाकरी आणून दिली. मग महाराजांनी कांदा सोडायला लावला, सोडला. माहेरी जाणं सोडायला लावलं, तेही सोडलं. शेवटी आमच्या तोंडचा एक शब्दच बंद केला. जो ‘कावून’, म्हणजे ‘का’, विचारेल त्याची भक्ती कच्ची! आमच्याकडे पोरं बोलायला लागली की आधी हेच विचारतात. तरी आम्ही तो गिळला. एवढं सोडल्यावर शंका घेतली असती, तर सगळंच फुकट गेलं म्हणावं लागलं असतं. आणि पुन्हा एकटं पडायची भीती होतीच.

त्या दुपारी सत्संगात सुमनची मान माझ्या खांद्यावर लोंबत होती. महाराज म्हणाले, “अजून थांबा. अंगारा लावत राहा.” ह्यांनी मान डोलावली. मी मनातल्या मनात देवाचा धावा करत होते, आणि तोंडातून निघालं, “कावून?”

सगळ्यांनी माना खाली घातल्या. तेवढ्यात दारापाशी बसलेली एक अनोळखी म्हातारी मोठ्यांदा म्हणाली, “हो ना, कावून जी? पोरगी मरून राहिली न तुमी अंगारा लावून राहिले! चाल माय, दवाखान्यात जाऊ.” तिने माझा हात धरला. आम्ही रस्त्याला लागलो, तर मागून हे धावत आले. “दे मले,” म्हणाले आणि सुमनला उचलून पुढे निघाले.

डॉक्टरांनी सलाईन लावलं. संध्याकाळी पोर रडली, तेव्हा मी आभार मानायला बाहेर आले, पण म्हातारी कुठेच नव्हती. ती कोण होती, यावर मी वाद घालत नाही. देवाने ऐकलं, एवढं मला पुरे आहे. त्याला मी आजही पूर्ण शरण आहे, पण शरण जाणं म्हणजे मुकं होणं नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं. आणि त्या भरल्या सभेत मी तोंड उघडलं याचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही.

पुढे नळावर सत्संगातल्या बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मग एका भर दुपारी त्यांतलीच एक दारात आली. कडेवरचं पोर तापाने फणफणलेलं.

“बाई, मले दवाखाना दाखवता का?”

मी चपला घातल्या.