ठेक्यावरचं इंग्रजी

लहानपणापासून मी बोलताना अडखळत असे. आमच्या केम गावात अशा माणसाला सरळ ‘तोतरा’ म्हणत आणि म्हणण्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. वाटायचं ते मला. सगळ्यात जास्त वैर ‘क’ या अक्षराशी, आणि नेमकं गावाचं नावच केम. सोलापूरहून घरी जायचं म्हटलं की तिकीट-खिडकीशी तोंड उघडं राहायचं, शब्द घशात अडकायचा, मागची रांग कुरकुरायची. शेवटी मी केमच्याही पुढच्या जेऊरचं तिकीट काढून केमला उतरायला लागलो. ‘ज’ मला कधीच अडवत नसे.

असा माणूस मास्तर व्हायला निघाला, तोही इंग्रजीचा. बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. मी बी.ए. होऊन घरी बसलो होतो आणि खेड्यापाड्यांतल्या हायस्कुलांना इंग्रजी शिकवायला माणसं मिळत नव्हती.

वडील म्हणाले, “बी.एड. कर. मास्तरकी बरी.”

“अण्णा, मला बोलता येत न्हाय.”

“बोलायचं कुटं? पुस्तकातलं वाचायचं असतंय की.”

त्यांच्याशी वाद घालायलाही बोलावंच लागलं असतं. मी सोलापूरला आलो आणि कॉलेजात नाव घातलं.

इंग्रजीची मेथड शिकवायला एक सर होते. घरची भाषा कानडी, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध, आणि इंग्रजी असं की ऐकत राहावं. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, “तुम्ही सगळे इंग्रजी मराठीसारखं बोलता. प्रत्येक अक्षराला सारखं वजन. इंग्रजीत तसं नसतं. एखादा शब्द जड, मधले हलके, पुन्हा एक जड. जड शब्दावर आवाज पडला पाहिजे.” मग त्यांनी डस्टर टेबलावर आपटत एक वाक्य म्हणून दाखवलं. डस्टर फक्त जड शब्दांवर पडत होतं. खडूची धूळ उडत होती आणि पुढच्या बाकावरच्या बायका पदर नाकाला लावत होत्या.

कॉलेजात स्पूलचा टेपरेकॉर्डर होता. एकेकाने पुढे येऊन एक प्रश्न विचारायचा, टेप उलटी फिरवून सगळ्यांनी तो ऐकायचा. प्रश्न होता, ‘कॅन आय कम इन?’ माझी पाळी आली. मी माइकपुढे उभा राहिलो. दोन्ही चाकं फिरत राहिली. मी काहीच बोललो नाही, म्हणजे मी बोलत होतो, पण आवाज बाहेर येत नव्हता. सरांनी थोडा वेळ वाट पाहून बटण दाबलं. “बसा. हरकत नाही,” म्हणाले. पण टेप वाजवताना माझा भाग वगळायला ते विसरले. रिकामी खरखर, त्यात माझे ‘क्, क्’, आणि मग मागच्या बाकावरून कुणाचं तरी दाबलेलं हसू. त्या दुपारी मी ट्रंक भरून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी गावी जाणार होतो.

गेलो नाही, कारण सांगून जावं म्हणून सकाळी वर्गात गेलो आणि सरांनी जोड्या लावल्या. उच्चाराचा सराव दोघादोघांनी करायचा, एकमेकांच्या चुका काढायच्या. माझ्या वाट्याला आल्या आपा. त्या माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या. शहरातल्या एका उर्दू शाळेत आधीपासून शिकवत होत्या, आता पदवीसाठी आल्या होत्या. सगळा वर्ग त्यांना आपाच म्हणे. त्यांनी माझ्यासमोर बाकावर बसून सरळ सांगितलं, “भाई, माझी खोड ऐका. मला ‘इ’ लावल्याशिवाय इस्कूल म्हणता येत नाही. इस्टेशन, इस्पून, इस्टूल. तो ‘इ’ आपोआप येतो. तो घालवा, तुमचे उपकार होतील.”

आपल्या अडचणीबद्दल इतकं मोकळेपणी बोलणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. माझी अडचण मी काय सांगणार, ती त्यांनी टेपवर ऐकलीच होती. जायचं मी पुढं ढकललं.

‘इ’ घालवायचा उपाय मला सुचला. सायकलच्या ट्यूबमधून हवा जाते तसा आधी नुसता ‘स्स्स’ लांबवायचा आणि मग पुढचं अक्षर टाकायचं. आपांनी करून पाहिलं. त्यांचा ‘स्स्स’ छान लांबला, आणि हवा संपत आल्यावर म्हणाल्या, “इस्कूल.” दोघंही हसलो. मग त्या म्हणाल्या, “मला एकटीला भ्या वाटतं. तुमी पण बोला माझ्यासंगं. बरोबर.” बोटातली अंगठी त्यांनी बाकाच्या लाकडावर टेकवली. सरांच्या डस्टरचं काम आता अंगठी करणार होती.

वाक्य होतं, ‘द चिल्ड्रन आर कमिंग होम फ्रॉम स्कूल.’ अंगठी वाजली. आम्ही दोघांनी एकदमच म्हटलं. पुन्हा म्हटलं. आणखी एकदा. आपा मधेच थांबल्या आणि माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या.

“भाई, तुम अटके नै!”

“काय?”

“कमिंग म्हणलात की! तिन्ही बारी. अटकला नाही तुमी.”

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आम्ही पुन्हा बरोबर म्हणून पाहिलं, निघालं. मग त्यांनी मला एकट्याला म्हणायला लावलं आणि ‘क’ पुन्हा घशात बसला. पुन्हा बरोबर, पुन्हा मोकळं. मी वेड्यासारखा हसत होतो. शेजारच्या जोडीला वाटलं, आम्ही सराव सोडून गप्पा मारतोय.

सरांना जाऊन सांगितलं. त्यांनाही त्याचं कारण ठाऊक नव्हतं, पण ते खूश झाले. म्हणाले, “मग ठेका सोडू नका. मोठ्यानं नको, बुटात अंगठा हलवा.” तेव्हापासून माझा उजव्या पायाचा अंगठा जड शब्दांवर खाली जाऊ लागला. चपला घालून ते इतरांना दिसायचं, म्हणून बंद बूट घेतले. हळूहळू असं झालं की दहातली निम्मी वाक्यं एकट्यालाही जमू लागली. मराठी मात्र होती तशीच राहिली. खानावळीत मला कढी हवी असली तरी मी आमटीच मागत होतो.

वर्षाच्या शेवटी अंतिम पाठ. परक्या शाळेतला आठवीचा वर्ग, मागच्या बाकावर बाहेरून आलेले परीक्षक. माझ्या पाठातलं मुख्य वाक्य सरांनी दिलं होतं: ‘कुड यू टेल मी द वे टु द पोस्ट ऑफिस?’ मी म्हटलं, “सर, पहिलंच अक्षर ‘क’.” ते म्हणाले, “माहीत आहे. रस्ता विचारायला दुसरं वाक्य नाही.”

पाठ सुरू झाला. मुलांना मी आधी ठेका शिकवला. मी हात टेबलावर टाकला की सगळ्यांनी माझ्याबरोबर म्हणायचं, टेल आणि वे आणि पोस्ट जड, शेवट खाली. मुलं हुशार होती, त्यात अर्धी घरी तेलुगू बोलणारी, मला वाटतं नवी भाषा तोंडात घ्यायची त्यांना सवय होती. बरोबर म्हणताना सगळं छान चाललं. मग मला एकट्यानं आदर्श वाचन करायचं होतं. मी पुस्तक उचललं, तोंड उघडलं आणि तेच झालं. ‘क’ निघेना. मागे परीक्षकांनी मान वर केली. बुटातला अंगठाही गारठला होता. हाताला काय करावं सुचेना म्हणून तो टेबलावर पडला, आणि मुलांना वाटलं, खूणच झाली. सगळा वर्ग एका दमात म्हणाला, “कुड यू टेल मी द वे टु द पोस्ट ऑफिस?” आणि त्यांच्यात माझाही आवाज होता. दुसऱ्या वाक्यापासून मी एकटा वाचत गेलो, शेवटपर्यंत.

पाठ संपल्यावर परीक्षकांनी मला मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावलं. पांढरे केस, जाड भिंगाचा चष्मा.

“मुलांकडून आधी वदवून घ्यायचं आणि मग आपण वाचायचं, असं ठरवलं होतं का तुम्ही?”

हो म्हणणं सोपं होतं. पण खोटं बोलताना मी जास्तच अडखळतो. म्हणालो, “नाही सर. मी अडकलो होतो. लहानपणापासून अडकतो.”

“हं. दिसलं मला. खरं सांगता का ते बघावं म्हणून विचारलं.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “मला मुलांचा उच्चार ऐकायचा होता. आघात जागच्या जागी होते, शेवटी आवाज उतरत होता. आठवीचा वर्ग असं बोलताना फार ऐकायला मिळत नाही. जा, चहा घ्या.”

बाहेर व्हरांड्यात आपा त्यांच्या पाठाची वाट बघत उभ्या होत्या. माझा चेहरा बघूनच म्हणाल्या, “हुआ ना?” मी मान हलवली. डोक्यावरून कुणीतरी पोतं उतरवल्यासारखं हलकं वाटत होतं. मी पायरीवरच बसलो. आपांचा पाठ मी खिडकीतून ऐकला. त्यांचा ‘स्स्स’ जरा जास्तच लांबला, पण पुढं नुसतं ‘कूल’ आलं. ‘इ’ नव्हता. दोघंही पास झालो.

पुढं वेळापूरच्या हायस्कुलात नोकरी लागली. पहिल्या दिवशी आठवीच्या वर्गात गेलो आणि हजेरी घ्यायच्या आधीच मुलांना सांगून टाकलं, “मी बोलताना अडखळतो. अडखळलो की जरा थांबा, शब्द येतो.” कुणी हसलं नाही. खिडकीजवळ बसलेल्या एका मुलीनं हात वर केला.

“सर, आमी अडखळलो तर चालंल का?”

“चालंल की,” मी म्हणालो.

वर्गात चुळबुळ झाली, पुस्तकं उघडली गेली, आणि आम्ही पहिला धडा मोठ्यानं वाचायला घेतला.