दुरुस्तीबाईंचा वर्ग

इस्त्रीच्या दुकानावरच्या खोलीत बाई इंग्रजीचे वर्ग घेत. जिना अरुंद, आणि खालून वाफेची ऊब नि ओल्या कापडाचा वास वर येत असे. शाळेतली नोकरी संपल्यावर त्यांनी हे वर्ग सुरू केले. व्याकरणात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. विद्यार्थी पाठीमागे त्यांना 'दुरुस्तीबाई' म्हणत, कारण कुणी तोंड उघडलं की वाक्य पुरं व्हायच्या आत बाईंची दुरुस्ती तयार. बाईंना हे नाव ठाऊक होतं, आणि मनातून ते आवडतही होतं. त्यांच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी. ही शिस्त, असं त्यांना वाटे.

घरी थोरली बहीण होती, निवृत्त नर्स. ती म्हणायची, "तुझ्यासमोर शिंकायचीसुद्धा भीती वाटते गं. तीही चुकली म्हणशील."

एके दिवशी एक वेल्डर जिना चढून आला. पन्नाशी ओलांडलेला, हातांवर ठिणग्यांचे डाग. त्याचा एकुलता एक मुलगा परदेशात शीतगृहात कामाला होता. न्यूमोनियाने तिथेच, भाड्याच्या खोलीत गेला. आजारपणात घरमालकीण म्हातारीच त्याचं बघत होती. तिने फोन केला तेव्हा मुलाला तिकडे पाठवणाऱ्या कंपनीच्या ऑफिसातल्या साहेबांनी मध्ये पडून बोलणं समजावलं होतं.

"ती म्हातारी खूप वेळ बोलली, बाई. मध्येच रडली. आणि साहेब मला म्हणाले, शांतपणे गेला म्हणतेय. एवढंच? एवढ्या बोलण्यात एवढंच?"

"मी बोलते तुमच्या वतीने," बाई लगेच म्हणाल्या.

त्याने मान हलवली. "तुम्ही चांगलंच बोलाल. पण मला माझ्या तोंडाने विचारायचंय."

बाईंनी त्याला वर्गात बसवलं आणि पुस्तक पहिल्या पानापासून सुरू केलं. माझं नाव, माझं गाव, बाजारात, स्टेशनवर. नोकरीसाठी आलेल्या पोराटोरांत तो मागच्या बाकावर अंग चोरून बसे. त्याची जीभ काही वळेना. बाई दुरुस्त करत, तो निमूटपणे तेच पुन्हा म्हणे.

मग 'माझं कुटुंब' हा धडा आला. प्रत्येकाने उभं राहून दोन-चार वाक्यं बोलायची होती. वेल्डरची पाळी आली. पहिल्यांदाच तो कुणी न ढकलता बोलू लागला. "माय सन इज गुड बॉय. ही इज टॉल. ही इज..."

"ही वॉज," फळ्याकडे तोंड असलेल्या बाई म्हणाल्या.

वेल्डर थांबला. "ही वॉज," आज्ञाधारकपणे म्हणाला, आणि खाली बसला.

खडू हातात तसाच धरून बाई उभ्या राहिल्या. आपण काय बोलून बसलो हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा वळून त्याच्याकडे बघायचंही धाडस होईना. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही.

जेवताना त्यांनी बहिणीला सगळं सांगितलं.

"वॉर्डात दगावलेल्या माणसाचे नातेवाईक नंतर भेटले की महिनोन्‌महिने 'आहे'च म्हणायचे," ती म्हणाली. "आम्ही ऐकून घ्यायचो. ते काय व्याकरण होतं का?"

बाई वेल्डरच्या दुकानात गेल्या. तो एका फाटकाचा गज जोडत होता. त्याने डोळ्यांवरची काळी काच वर केली आणि स्टूल पुढे सरकवलं.

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या. हे शब्द त्यांना सवयीचे नव्हते.

"तुमचं बरोबरच होतं. मीच तो शब्द टाळत होतो. घरी त्याची आईही टाळते."

"त्या म्हातारीला काय विचारायचंय तुम्हाला? आधी आपल्या भाषेत सांगा."

इतक्या दिवसांत त्यांनी हे विचारलंच नव्हतं. तो काचेवरची धूळ पुसत सांगत गेला. जेवत होता का? घाबरला होता का? शेवटी काय बोलला?

त्या दिवसापासून तो पुन्हा येऊ लागला, आणि त्याच्यापुरतं पुस्तक बाजूला पडलं. वर्ग संपल्यावर तो थांबे, आणि बाई फोनवरची म्हातारी होत. तो विचारी, त्या उत्तर देत, कधी मुद्दाम भरभर, म्हणजे 'जरा हळू बोला', 'पुन्हा सांगा' म्हणायची त्याला सवय व्हावी. त्याची वाक्यं मोडकीतोडकी निघत आणि बाई ओठ घट्ट मिटून घेत. सोपं नव्हतं ते. उत्तरं मात्र त्या सगळी गोडगोड देत. तो जेवला, तो हसला, तो झोपला.

एकदा वेल्डर म्हणाला, "बाई, तडफडला याला काय म्हणतात?"

"तो शब्द कशाला हवा?"

"ती म्हणाली तर मला कळायला हवं ना."

बाईंनी तो शब्द शिकवला. त्याच्याकडून म्हणवूनही घेतला.

फोन वर्गातूनच लावला. बायकोला तो सोबत घेऊन आला होता. म्हातारी सावकाश, धापा टाकत बोलत होती. त्याने पहिला प्रश्न विचारला, "माय सन ईट?" पलीकडून लांबलचक उत्तर आलं. वेल्डरच्या कपाळावर आठ्या पडल्या. "सूप? थ्रो? वॉल?" त्याने दोन-तीनदा विचारून घेतलं, आणि एकदम त्याला हसूच फुटलं.

"सूप भिंतीवर फेकलं गं त्याने! म्हातारीवर चिडला. मग माफी मागितली."

"तोच तो," बायको म्हणाली. "अळणी लागलं असेल." आणि तिने पदर तोंडाला लावला.

मग त्याने तो अवघड शब्द वापरला. नंतर म्हातारी हो म्हणाली. वेल्डरने ऐकून घेतलं. "एक रात्र फार त्रास झाला," तो बायकोला म्हणाला. "मग झोप लागली."

"तेव्हा एकटा होता का, ते विचारा," बायको म्हणाली.

हा प्रश्न त्यांनी कधी घोटवला नव्हता. वेल्डरने बाईंकडे पाहिलं. शब्द बाईंच्या ओठांवर आला होता. त्यांनी टेबलाची कड धरली आणि थांबल्या. तो चाचपडत राहिला. शेवटी म्हणाला, "नाइट... माय सन... नोबडी?"

"नो, नो," म्हातारी कळवळून म्हणाली. "आय वॉज देअर."

याचा अर्थ त्याला सांगावा लागला नाही. बायकोलाही नाही.

नंतर नव्या माणसाला बाई पहिल्याच दिवशी विचारू लागल्या, तुला कुणाशी काय बोलायचंय? काहींना सांगता येई, काहींना नाही. एक मुलगी म्हणाली, "कुणाशीच नाही," आणि तिला काय शिकवावं हे बाईंना अजून नीट उमगलेलं नाही. वर्गात आता गलका असतो. जुनी सवय अधूनमधून उसळी मारतेच.

वेल्डर यायचा बंद झाला. त्याचं काम झालं होतं. काही संध्याकाळी बाईंनी उगाच जिन्याकडे पाहिलं. मग एकदा तो रस्त्यात भेटला. दोघं सावलीला उभे राहून त्याच्या दुखऱ्या गुडघ्याबद्दल बोलले, बायकोला आता झोप लागते का याबद्दलही.

"लागते," तो म्हणाला, आणि सायकल ढकलत पुढे गेला.