खांबाला दोन थापा

"चला, निघा!" म्हणत काका खांबाला दोन थापा मारायचे. खांब कुठलाही चालायचा. आमच्या हॉलंडमधल्या आइंडहोवनच्या बसथांब्याचा, नाहीतर रस्त्यावरच्या दिव्याचा. बदल्या चुकवत चुकवत वीस वर्षं एकाच स्टेशनात स्टेशन मास्तर राहिलेला माणूस. गाडी सोडताना लागलेली ती सवय.

आमच्या शेजारी राहणाऱ्या त्यांच्या मुलाकडे आले आणि लॉकडाउनमध्ये अडकले. खरं तर पुढे इंग्लंडला जायचं होतं. लंडन बघायला नव्हे बरं का! एका गावातलं, राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं स्टेशन बघायला. काकांच्या स्टेशनचे लोखंडी खांब ज्या कारखान्यात ओतले, त्यातलेच तिथलेही. "सख्खी भावंडं हो! एकाला जन्मभर टेकलो, दुसऱ्याला नुसता हात लावून येतो."

विमानं बंद. मग पठ्ठ्याने काय करावं? आमच्या पार्किंगमध्ये खडूने ते इंग्लंडातलं अख्खं स्टेशन आखलं! नकाशा तोंडपाठ. इथे तिकीटघर, इथे बायकांची वेटिंग रूम, इथे बारा खांब. मी घरून ऑफिसच्या मीटिंगमध्ये, आणि खालून हाक: "अहो, तुमची गाडी रुळावर उभी आहे, काढा!"

आणि मी मुकाट्याने काढली की हो!

समोरची डच आजी कॉफीचा मग घेऊन यायची. काका तिला दीड मीटरवर, पहिल्या वर्गाच्या वेटिंग रूममध्ये बसवून इतिहास सांगायचे. स्टेशन बांधताना गावकरी म्हणे धुराला घाबरून नको म्हणाले होते. पुढे रेल्वेवाले ते पाडायला निघाले, तर गावकऱ्यांची, हो, त्यांचीच पतवंडं आडवी पडली. आजी रोज तितक्याच जोरात हसायची.

पाऊस आला की स्टेशन वाहून जायचं. दुसऱ्या दिवशी काका खडू घेऊन हजर.

"स्टेशन कुठे पळून जातंय, काका?" मी एकदा म्हणालो.

"ते नाही हो. माझं वय थोडंच थांबलंय?"

व्हिसा संपला. मिळेल त्या पहिल्या विमानाने काका भारतात परतले, आणि पुढच्याच उन्हाळ्यात कोरोनाने गेले. फार लागलं मला ते.

इंग्लंडचा रस्ता मोकळा झाल्यावर मीच गेलो. पाटीवर धुराची नि गावकऱ्यांची गोष्ट, पुढे वेटिंग रूम, सगळं काकांनी सांगितल्यासारखं. खांब मात्र अकराच! दोनदा मोजले. बारावा म्हातारबुवांनी आपल्या स्टेशनातला आणून बसवला असणार.

गाडी आली. मी खांबाला दोन थापा मारल्या. "चला, निघा!" म्हणालो. गाडी वेळेवर सुटली.