दिराच्या नावाचं कार्ड

डॉक्टर म्हणाले, ‘‘अप्लास्टिक अॅनिमिया.’’ म्हणजे हाडांतला मगज रक्त बनवायचंच थांबवतो. यांच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, अंगावर निळे डाग पडत होते, आणि मी शहाणी, उष्णता झाली म्हणून सब्जा पाजत होते.

काम कुठं, त्यांनी विचारलं. तारापूरला केमिकल कंपनीत, सॉल्व्हंटच्या पिंपांवर. ‘‘कामामुळंही झालेला असू शकतो. कामगार विम्याचं कार्ड आहे ना? मग उपचार होतील.’’

कार्ड होतं. पण माझ्या दिराच्या नावाचं.

चार वर्षांपूर्वी संतोषभाऊजी इथलं काम सोडून यवतमाळला परत गेले. त्यांच्या जागी यांना घेताना कंत्राटदार म्हणाला, ‘‘नवीन कागद कशाला? भावाचा पास हाय ना, त्याच्यावरच ये.’’ दोघे भाऊ दिसायला सारखे. आम्हाला बरंच वाटलं, खेटे वाचले. कंपनीत आणि विम्याच्या कार्डावर हे संतोष झाले. दिलीप नावाचा माणूस तिथल्या कुठल्याच कागदावर नव्हता.

हॉस्पिटलात मी तेच कार्ड पुढं केलं. त्यावरचा संतोष बिनलग्नाचा. ‘‘तुम्ही कोण?’’ नर्सनं विचारलं. मी म्हणाले, वहिनी. माझी जीभ कशी झडली नाही! पुढं तीन आठवडे मी वहिनीसारखी लांब स्टुलावर बसले. रक्त चढवत होते आणि रिपोर्टातले आकडे खालीच येत होते. यांचा हात धरायचा तर मी आधी दाराकडं बघायचे.

एक दिवस डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. ‘‘वहिनी, त्यांचं जवळचं कुणी असेल तर बोलावून घ्या. फार दिवस नाहीत.’’

‘‘मी बायको आहे त्यांची,’’ मी म्हणाले, आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं.

ते ओरडले नाहीत. विम्याच्या साहेबांना बोलावलं. साहेब म्हणाले, ‘‘कंत्राटी असला तरी कामगाराची खऱ्या नावानं नोंद करणं मालकाचं काम. त्यानं केली नाही म्हणून तुमचा हक्क बुडत नाही. पण दिलीप तिथं काम करत होता, हे सिद्ध करावं लागेल.’’ ते अजून चाललंय. यांच्या सोबतचे कामगार सांगतात, आम्ही तर याला संतोषच म्हणायचो. म्हणून बायांनो, नवऱ्याचं कार्ड घरात आलं की आधी त्यावरचं नाव वाचा.

केसपेपरवर नाव बदललं. त्यानंतर आठ दिवसांनी हे गेले. ते आठ दिवस मला त्यांची बायको म्हणून जवळ बसता आलं, एवढ्यासाठी मी त्या डॉक्टरांची ऋणी आहे. नर्स ‘दिलीपभाऊ’ म्हणून हाक मारायची. हे ओ द्यायचे नाहीत, नुसते बघत राहायचे. त्या नावाची सवयच गेली होती.