बाजाराच्या दिवशीची मूठ

संधिवाताच्या बायांसाठी मनगटाला बांधायचा पट्टा मीच शोधून काढला होता, अन् त्याचा मला भारी गर्व होता. तेव्हा मी यवतमाळात फिजिओथेरपी शिकत होतो, अन् हा पट्टा माझ्या परीक्षेचा प्रकल्प होता. माझ्या मार्गदर्शक मॅडम सारख्या बजावायच्या, दुखणं कामाच्या वेळी तपास, आरामात सगळ्यांचेच हात चांगले असतात.

ऐकेल तो मी कसला! नेरजवळच्या त्या गावी मी जायचो ते बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी कापसाची वेचणी बंद, बाया घरी, चहा तयार. उन्हात शेतांचे धुरे-बांध कोण तुडवील?

माझी सगळी भिस्त पन्नाशीच्या एका काकूंवर होती. त्यांची बोटं वाकडी व्हायला लागली होती. त्या साली कापसाला भाव नव्हता, मजूर लावणं परवडत नव्हतं, म्हणून घरचा कापूस त्यांनाच वेचायचा होता. हंगामभर हात चालावा, एवढंच त्यांचं मागणं. पट्ट्यानं कसं वाटतं विचारलं की म्हणायच्या, बरं हाये. मूठ मोजायचं यंत्र आवळून दाखवायच्या. आकडा दर वेळी चांगला. मी लिहून घ्यायचो अन् चहा पिऊन निघायचो.

मॅडमनी वही पाहिली, शाबासकी दिली, मग वार बघितले, सगळे बाजाराचेच, अन् वही मिटली. दुसऱ्याच दिवशी, भर वेचणीत, मला घेऊन थेट वावरात.

काकूंच्या हाताला पट्टा नव्हता. बोटं टम्म सुजलेली, मूठ आवळेचना. पट्ट्यानं अंगठा अडकतो, जास्तच दुखतं, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. त्यानंतर मी यायच्या दिवशीच तेवढा तो चढवायच्या.

"मग सांगितलं काहून नाही?" मी त्यांच्यावरच चिडलो. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

"तुमाले मॅडम बोलल्या असत्या ना," त्या म्हणाल्या.

मॅडम मला काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या धुऱ्यावर बसल्या, काकूंचा हात मांडीवर घेतला अन् हळूच सांगितलं की या साली वेचणी बंद, नाहीतर बोटं कायमची जातील.

काकू उभ्या पिकाकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"तुमची परीक्षा तं नाही ना बुडत?"

मी नाही म्हणालो. पट्टा नव्यानं करून पासही झालो. त्यांचा कापूस त्या साली कोणी वेचला, ते विचारायला मात्र परत गेलो नाही.