बारावी नवरी

केझाया पीस्लीला गावात सगळे आत्या म्हणत. सख्खा भाऊ तिला नव्हता, त्यामुळे खऱ्या अर्थाने ती कुणाचीच आत्या नव्हती. पण व्हरमाँटच्या डोंगरातल्या त्या गावात बिनलग्नाची बाई चाळिशी ओलांडली की आपोआप आत्या होई, तशी तीही झाली होती. ताडाच्या पानांच्या टोप्या विणून ती पोट भरायची. दुकानदाराचा माणूस महिन्यातून एकदा पानांचे भारे टाकून जायचा आणि विणलेल्या टोप्या घेऊन जायचा. मात्र गावाने तिला ओळखलं ते टोप्यांमुळे नाही. गावात कुणी गेलं की थडग्याच्या दगडावर कोरायच्या चार ओळी लिहायची ती केझाया.

या कामात तिची एक खोड होती. मरण नुसतं ‘आलं’ असं तिने कधी लिहिलं नाही. ते कोण होऊन आलं, हे ती आधी ठरवायची. लहान मूल गेलं की तो माळी होऊन यायचा आणि दव सुकायच्या आत कळी खुडून न्यायचा. म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे कापणीवाला होऊन. गिरणीवाला अब्नर गेला तेव्हा तर तो धान्याचं शेवटचं पोतं घेऊन आलेलं गिऱ्हाईक होता. आठवड्याच्या वर्तमानपत्रात तसल्या कविता तेव्हा पानभर छापून येत आणि बायका त्या कापून बायबलमध्ये ठेवत. पण गिऱ्हाईक झालेलं मरण कुठल्याच पत्रात नव्हतं. अब्नरची बायको रडता रडता हसली होती आणि म्हणाली होती, “अगदी असाच कुणीतरी आला असणार. नाहीतर हा माणूस गिरणी सोडून उठलाच नसता.”

तिचं म्हणणं साधं होतं. ज्याला तोंड नाही त्याच्याशी माणूस बोलणार काय आणि भांडणार काय?

सगळ्यात गाजलेल्या ओळी मात्र तिने बाविसाव्या वर्षी, शेजारची मैत्रीण गेली तेव्हा लिहिल्या होत्या.

*शुभ्र वसने लेऊन आला नवरदेव दारी,*
*हळूच धरला हात तिचा, नेली आपल्या घरी.*
*माहेर सारे रडत राहिले, ती मात्र हासली,*
*ज्याची होती त्याचीच आता कायमची जाहली.*

चर्चमध्ये या ओळी वाचल्या गेल्या तेव्हा पुरुषांनीसुद्धा रुमाल काढले होते. मग झालं असं, की कुणाचीही लग्नाची मुलगी गेली की घरचे लोक त्याच ओळी मागायला लागले. पाथरवट ओबेड कार्पने त्या आपल्या वहीत पहिल्याच पानावर उतरवून घेतल्या होत्या.

अल्मायरा हेझनला क्षय झाला त्या हिवाळ्यात केझाया अठ्ठेचाळीस वर्षांची होती.

अल्मायरा ही चर्चच्या कारभाऱ्याची, म्हणजे डीकन एलिफलेट हेझनची, एकुलती मुलगी. वय तेवीस, गावातल्या शाळेची मास्तरीण. मास्तरणीला राहायला वेगळी जागा नसे. आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवतात तशी ती आठवडे लावून राहायची. या आठवड्यात एका पोराच्या घरी, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या. शनिवारी ज्याची पाळी असेल तो घरधनी यायचा आणि तिची पत्र्याची पेटी खांद्यावर टाकून पुढे चालू लागायचा.

जानेवारीतल्या एका दुपारी केझाया तिच्या उशाशी बसून टोपी विणत होती. अल्मायराची आई लव्हिना चुलीपाशी बार्लीची पेज ढवळत होती.

“आत्या,” अल्मायरा म्हणाली, “माझ्याकडे कोण येणार आहे?”

केझायाचा हात थांबला. “काहीतरी बोलू नकोस.”

“काहीतरी कसं? तुम्ही ठरवता ना ते. मला आधी कळलं तर बरं.”

“उन्हाळ्यापर्यंत तू पुन्हा शाळेत असशील.”

“आत्या, थापा तुम्हाला कधीच जमल्या नाहीत. टोप्याच विणा.” ती हसली, त्यातून खोकली, आणि बराच वेळ खोकत राहिली. मग दम खाऊन म्हणाली, “तो नवरदेव नको मला.”

“लोकांना आवडतो गं तो.”

“मग लोकांनी करावं त्याच्याशी लग्न! सायलसला नाही म्हणायला मला दोन वर्षं लागली. बाबा किती दिवस बोलले नाहीत माझ्याशी. आणि आता तुम्ही माझं लावून देणार ते कुणाशी, तर ज्याला नाही म्हणायची सोयच नाही त्याच्याशी?”

चुलीपाशी पळी वाजायची थांबली.

“बत्तीस घरं फिरले मी,” अल्मायरा म्हणाली. “टटलांकडे एका अंथरुणात चौघी झोपायचो. म्हाताऱ्या मिसेस ग्रिगच्या माळ्यावर सकाळी गोधडीवर बर्फ असायचा. पण दर शनिवारी कुणीतरी दारात उभं असायचं, माझी पेटी उचलायला. आणि आमच्याच घराची पाळी आली की मी मुद्दाम परक्यासारखं दार वाजवायची. मग बाबा दार उघडून अगदी गंभीर तोंडाने म्हणायचे, ‘या बाई. या आठवड्याला आमच्याकडे.’ आणि पेटी घेऊन वर जायचे. बाबांना विनोद करताना तुम्ही पाहिलंय कधी?”

“नाही बाई.”

“मी पाहिलंय. तेवढा एकच.” तिने केझायाच्या मनगटावर हात ठेवला. तो हात तापाने पोळत होता. “शब्द द्या, आत्या. त्याच्याशी लावून देऊ नका मला.”

केझायाने शब्द दिला.

महिना संपायच्या आत अल्मायरा गेली. जमीन लोखंडासारखी गोठलेली होती. हिवाळ्यात गेलेली माणसं टेकडीच्या पोटातल्या दगडी कोठीत ठेवायची आणि मे महिन्यात माती मऊ झाली की पुरायची, ही तिकडची रीतच. त्यामुळे दगडाची घाई नाही असं केझायाला वाटलं. तिने सावकाश ओळी जुळवायला घेतल्या. नीट साधत नव्हत्या म्हणून खोडल्या, पुन्हा लिहिल्या. आणि इथेच ती चुकली. ओबेड हिवाळ्यात रिकाम्या हाताने बसत नाही, हे ती विसरली. दरवर्षी तो लहान मुलाचा, म्हाताऱ्याचा आणि कुमारिकेचा असे तीन दगड ओळींसकट कोरून तयार ठेवायचा. नाव तेवढं नंतर.

एप्रिलच्या शेवटी ती कागद घेऊन त्याच्या छपरीत गेली, तर समोर पाटीच्या दगडाची शिळा उभी. वरच्या अंगाला शुभ्र वस्त्रांतला नवरदेव चारही ओळींत पुरा उमटलेला आणि त्याखाली ताजं कोरलेलं नाव: अल्मायरा हेझन.

“हे कुणी सांगितलं तुला?”

“डीकननी. फेब्रुवारीतच येऊन पसंत करून गेले. दगडावर हात ठेवून रडले गं. मी तोंड फिरवून उभा राहिलो.” ओबेडने छिन्नी फुंकली. “तुला आनंद व्हायला हवा. तुझा नवरदेव भलताच चालतो. ही बारावी! तुझ्यासाठीही राखून ठेवलाय हो, घाबरू नकोस.”

एरवी केझायाने त्याला तोडीस तोड सुनावलं असतं. आज तिच्या डोक्यात तो आकडाच अडकला. बारा. तिने मनातल्या मनात एकेकीचं नाव घेतलं. त्यातल्या किती जणींना विचारलं होतं कुणी?

“ओबेड, हे पुसायचं.”

“पुसायचं? दगड आहे तो, शाळेची पाटी नाही.”

“ओळी माझ्या आहेत. मी त्या मागे घेतेय.”

“दगडात गेलेलं कुणी मागे घेतं का?”

“करवत आहे ना तुझ्याकडे?”

ओबेडने तिच्याकडे नीट पाहिलं. थट्टा नव्हती. “डीकननी सांगितलं तर करवत चालवीन,” तो म्हणाला. “पण ते सांगणार नाहीत. आणि येत्या शनिवारी पुरायचंय.”

बर्फ वितळून रस्त्यात घोट्याच्या वर चिखल झाला होता. केझाया तशीच निघाली. हेझनांच्या दारात तिने बूट काढले तेव्हा एक बूट चिखलाने भरून दगडासारखा जड झाला होता.

डीकन टेबलाशी बसले होते. उंच, ताठ माणूस. या तीन महिन्यांत त्यांच्या कोटाच्या बाह्या सैल झाल्या होत्या.

“नवरदेव नको म्हणाली होती ती,” केझायाने सरळच सांगितलं. “मी शब्द दिलाय.”

“आजारी माणूस काहीही बोलतं.”

“आजारी माणूस खरं बोलतं. बरी माणसं काहीही बोलतात.”

“केझाया!” डीकनचा आवाज चढला, मग आपसूक खाली आला. “मुलीला तिच्या घरी पोचवणं हे बापाचं काम. माझ्या हातून ते राहिलं. निदान दगडावर तरी होऊ दे. एवढं मागतोय, त्यातही तुझी हरकत?”

हे तिला अपेक्षित नव्हतं. रागाला उत्तर तिने वाटेत तयार केलं होतं, याला नव्हतं. पण मनगटावर तो पोळणारा हात होता.

“डीकन, अकरा मुली दिल्यात मी त्याला. अकराही जणींना तो तेच बोललाय, एक अक्षर वेगळं नाही. तुमची बारावी. जिवंत माणसाने असं स्थळ आणलं असतं तर तुम्ही त्याला अंगणात तरी उभं केलं असतं का?”

खिडकीशी शिवत बसलेल्या लव्हिनाच्या तोंडून हुंदका आला की हसू, ते कळलं नाही.

“मग तुझ्याकडे कोण आहे?” डीकन म्हणाले. “माळी? कापणीवाला?”

केझायाने कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावला नाही, कागद तसाच बायकोकडे सरकवला. “वाच.”

लव्हिना वाचू लागली.

*“दारात येऊन म्हणाला, ‘बाई, आवरलं का सारं?*
*या आठवड्याला आमच्याकडे, उघडं ठेवलंय दार.’*
*पेटी त्यानं खांद्यावर घेतली, बोलला नाही फार;*
*फळा पुसून, हात झटकून मास्तरीण झाली तयार.”*

“पेटी?” डीकन म्हणाले. “थडग्यावर पेटी? चर्चच्या आवारात? आणि मरण म्हणजे काय कुणी हमाल...” पुढचा शब्द त्यांच्या तोंडातच राहिला.

लव्हिनाने कागद खाली ठेवला. ती त्या घरात फारशी बोलत नसे; गावाने तिचा आवाज बहुतेक प्रार्थनेतच ऐकला होता. “एलिफलेट,” ती म्हणाली, “ते वाक्य कुणाचं आहे?”

डीकनची नजर दाराकडे गेली.

“ती दार वाजवायची तेव्हा मी इथेच असायचे, चुलीशी. तुम्ही पेटी घेऊन वर जायचात आणि ती जिन्यावरून माझ्याकडे बघून डोळा मारायची. सायलसच्या भानगडीनंतर तुम्ही पेटी उचलायचं सोडलंत. मग ती स्वतःच ओढत न्यायची, प्रत्येक पायरीवर आपटत. आठवतंय?”

डीकननी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि हातांकडे बघत राहिले.

“तिला सासरचं घर नको होतं,” केझाया हळू आवाजात म्हणाली. “घरं तिला खूप होती. कुणीतरी पेटी उचलायला हवी होती, इतकंच. हो म्हणाल तर ओबेड उद्या दगड कापेल. नाही म्हणालात, तर शनिवारी सगळ्यांच्या देखत मी सांगेन, की वरच्या ओळी माझ्या आहेत आणि खोट्या आहेत. मला ते आवडणार नाही. पण मी सांगेन.”

“तू सांगशील,” डीकन म्हणाले. “ते ठाऊक आहे मला.” मग त्यांनी कागद ओढून घेतला, चष्मा लावला आणि स्वतः वाचला. दुसऱ्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं ते तिथेच राहिलं. “ओबेडला म्हणावं,” ते म्हणाले, “ओळी वाकड्या नको यायला.”

ओबेडला करवत चालवायला पूर्ण दिवस लागला. पाटीच्या दगडाचं तोंड एकदा कोरलं की वरचा भाग काढून टाकण्यावाचून इलाज नसतो; नव्या ओळी नावाखाली आल्या. हेझनांच्या रांगेत तिचा दगड इतरांपेक्षा वीतभर बुटका आहे तो त्यामुळे. नवे लोक विचारतात, हे लहान मूल होतं का?

शनिवारी ऊन पडलं होतं. शवपेटी उचलायला चार तरुण ठरले होते, पांढरे हातमोजे घालून आले होते. त्यांत सायलसही होता. टेकडीतल्या कोठीपाशी आल्यावर डीकन पुढे झाले. आतून कोण उघडणार, पण लोखंडी दाराला हात लावण्याआधी त्यांनी ते बोटांनी तीनदा वाजवलं. लोक एकमेकांकडे बघू लागले. मग त्यांनी पुढच्या तरुणाला हाताने बाजूला केलं, कोट सावरला आणि पेटीच्या कोपऱ्याखाली स्वतःचा खांदा लावला. खड्ड्यापर्यंत त्यांनी खांदा बदलू दिला नाही. लव्हिनाने केझायाचा हात धरला होता. दोघींपैकी एकीनेही रुमाल काढला नाही.

सोमवारी केझाया पुन्हा ओबेडच्या छपरीत गेली. तिने वही मागून घेतली, पहिलं पान काढलं आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारली.

“अगं, सगळ्यात चालणारं पान ते!” ओबेड कळवळला. “आता मुलींसाठी मी काय कोरू?”

“मला बोलव. कुठली मुलगी होती ते मी विचारेन, मग सांगेन.”

“दर वेळी नवीन?”

“दर वेळी नवीन.”

ओबेडने मान हलवली. “आणि तुझ्या दगडावर? राखून ठेवलेला नवरदेव तर तू आत्ताच खोडलास.”

केझाया दाराशी थांबून खांद्यावरचा पानांचा भारा नीट करत होती. दुकानदाराचा माणूस गुरुवारी यायचा होता आणि चार टोप्या राहिल्या होत्या.

“माझ्याकडे दुकानाचा माणूस होऊन येऊ दे त्याला,” ती म्हणाली. “आणि त्याला सांगून ठेव, हातातल्या टोपीचा काठ पुरा होईपर्यंत दारातच उभं राहायचं.”

मग ती चिखल तुडवत घराकडे गेली.