टेबलावरची बाटली

माझी भाची पुण्यात एका मोठ्या इस्पितळात नर्स आहे. परवा फोनवर तणतणत होती. त्यांच्याकडे नवा नियम आला म्हणे: ड्यूटीच्या टेबलावर खाणं नाही, पिणं नाही, साधी पाण्याची बाटलीसुद्धा नाही. तिला वाटलं, आत्या जन्मभर वॉर्डात राबलेली, ती माझीच बाजू घेणार. मी म्हटलं, नियम बरोबर आहे. झालं, बाईसाहेब रुसल्या. पुढचं मी तिला सांगितलं नाही, सांगवलं नाही. म्हणून लिहितेय.

आम्ही बनारसचे मराठी. घरात मराठी, उंबरा ओलांडला की हिंदी. मी नर्सिंगला गेले तेव्हा नात्यातल्यांनी नाकं मुरडली होती, कुणाकुणाची घाण उपसणार म्हणून. आईनं कुणाला भीक घातली नाही. शिकत असतानाच मी एकदा भुकेच्या तावात टेबलावर बसून, हात धड न धुता चिवडा खाल्ला. शेजारी रक्ताच्या नळ्या ठेवलेल्या. त्या चिवड्यानंच झालं की आणखी कशानं, देव जाणे, पण महिन्याभरात कावीळ झाली आणि मी दीड महिना अंथरुणाला खिळले. आई उसाचा रस पाजायची आणि रडायची. तेव्हापासून टेबल म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीकच जायची.

पुढे मी बायकांच्या वॉर्डाची इन्चार्ज झाले आणि टेबल देव्हाऱ्यासारखं ठेवू लागले. चार्ट, औषधांचा ट्रे, दौत-टाक, बस. हाताखालची कुणी पोरगी तिथं घास तोंडात घालताना दिसली की तिची खैर नव्हती. माझी जीभ तिखट, हे सगळं इस्पितळ जाणून होतं आणि खरं सांगते, मला त्याचा अभिमान होता. पोरींनी खायचं कुठं, प्यायचं कुठं, हा विचार मात्र माझ्या मनात कधी आला नाही. जागाच नव्हती. तेव्हा सलाइन काचेच्या बाटल्यांतून यायचं. रिकाम्या बाटल्या धुऊन पोरी त्यात पाणी भरायच्या आणि माझी पाठ फिरली की टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवायच्या.

त्या पोरींत एक रामनगरची होती. नदीपलीकडून यायची, कधी नावेनं, कधी पुलावरून. वैशाखातला भाजणारा वारा, लू, अंगावर घेत वॉर्डात पोचायची तेव्हा ओठ सुकलेले असायचे. कामाला वाघीण, पण पाण्याशिवाय तिचं पान हलत नसे. माझी सगळ्यात जास्त बोलणी तिनंच खाल्ली.

त्या वर्षी वैशाखात खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारी होती, आपल्यातलीच, मराठी. नवरा भोसले घाटाजवळ राहायचा. नागपूरकडून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी करायचा. मूलबाळ नव्हतं. म्हातारीच्या छातीत पाणी झालं होतं आणि ऑक्सिजन काढला तर ती दारापर्यंतही पोचणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे घरी नेणं नाही, घाटावर नेणं नाही. पुरुषांना वॉर्डात फक्त चार ते सहा सोडत. बाकीचा वेळ म्हातारीचे यजमान, आमचे काका, व्हरांड्यात गमछा पसरून बसून असायचे.

एका संध्याकाळी ते माझ्याजवळ आले. म्हणाले, जन्मभर मी लोकांच्या तोंडात गंगा घातली, हिला तेवढी मिळावी. तिचं दुसरं काही मागणं नाही. व्हरांड्यात चपला, कुत्री, लोकांच्या पिचकाऱ्या. खाटेखाली बेडपॅन. शुद्ध जागा म्हणाल तर एक तुमचं टेबल. तिथं ठेवाल का? आणि वेळेला मी नसलो तर तुम्ही घालाल का?

मी म्हटलं, "काका, आणा तुम्ही. मी सांभाळते."

माझ्याच नियमाविरुद्ध मी शब्द दिला होता, तोही खुशीनं. आता काशीत गंगाजल म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? तांब्याची गडवी, तोंड झाळून बंद केलेली. आमच्या देवघरात अशा दोन होत्या. माझं डोकं गडवीपाशी अडकलं, तिथंच सगळा घात झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी औषधांच्या स्टोअरमध्ये असताना ते पाणी देऊन गेले. रामनगरच्या पोरीनंच त्यांना आदल्या दिवशी बजावलं होतं की धातूचं भांडं वॉर्डात टिकत नाही, चोरीला जातं. तिनंच त्यांना एक धुतलेली सलाइनची बाटली दिली होती. म्हाताऱ्यानं पहाटे घाटाच्या सगळ्या पायऱ्या उतरून, स्नान करून ती भरली आणि तिच्या हातात दिली. तिनं ती टेबलावर ठेवली, पोरींच्या पिण्याच्या दोन बाटल्यांच्या शेजारी.

अकराला मेट्रनचा राउंड होता. मी पाच मिनिटं आधी वॉर्डात शिरले तर टेबलावर तीन बाटल्या. माझं डोकंच फिरलं. तिन्ही उचलल्या आणि मागच्या मोरीत धडाधड ओतल्या. ती पोर मागून धावत आली. "दीदी, वो एक बोतल..." एवढंच बोलू शकली. मी तिला तोडलं. म्हटलं, एक शब्द बोललीस तर आज रिपोर्ट करीन. तेवढ्यात मेट्रनबाई आल्या, टेबलावरून बोट फिरवलं, शाबासकी देऊन गेल्या. मी दुपारपर्यंत त्याच तोऱ्यात होते.

तीनच्या सुमाराला म्हातारीचा श्वास बदलला. ते बदलणं आम्हाला कळतं. मी आयाला पाठवून काकांना आत बोलावलं, चार वाजायची वाट पाहिली नाही. ते आले, खाटेच्या कडेला बसले, तिचा हात हातात घेतला. ती पूर्ण शुद्धीवर होती. त्यांच्याकडे बघत होती. मग माझ्याकडे बघू लागली.

"बाई, गंगा द्या," काका म्हणाले.

मी टेबलाकडे वळले. टेबल लख्ख, रिकामं. शेजारी ती रामनगरची पोर उभी, तोंडावर रंग नाही. तिनं फक्त मोरीकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं, सकाळी मी काय ओतलं ते.

घाटावर माणूस पाठवून पाणी आणायला तासभर तरी लागला असता. म्हातारीजवळ तासभर नव्हता. मोरीच्या कठड्यावर तिन्ही बाटल्या उपड्या होत्या. मी एक उचलली, नळाखाली धरली, भरली. मनाशी म्हटलं, आपल्या नळाला तरी कुठलं पाणी येतं, नदीचंच, गाळून येतं एवढंच. असं म्हणत मी ती बाटली पदरानं पुसली आणि काकांच्या हातात दिली.

त्यांनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली. क्षणभर बघितली. मग चमच्यात पाणी घेतलं आणि तिच्या ओठांना लावलं. "घे. गंगा आहे." तिनं तीन वेळा घोट घेतला. डोळे मिटले. अर्ध्या तासात ती गेली. मणिकर्णिकेला न्यायला चार माणसं त्यांच्या गल्लीतून आली.

त्या दिवशी ती पोर सुटी होईस्तोवर पाण्याशिवाय राबली, हेही मला नंतर सुचलं. मी तिला बाजूला घेऊन माफी मागितली. पोरीपुढे मान खाली घालायची माझी ती पहिली वेळ. ती म्हणाली, दीदी, मी ओरडून सांगायला हवं होतं. मी म्हटलं, ओरडायची सोय मी ठेवली होती का तुला?

दुसऱ्या आठवड्यात मेट्रनबाईंशी भांडून मी चादरींच्या खोलीत एक फळी ठोकून घेतली. पोरींचे डबे आणि पाणी तिथं. पाळीपाळीनं दहा मिनिटं जायचं, हात धुऊन. नातेवाइकांचं गंगाजल वरच्या कप्प्यात, चिठ्ठी लावून. टेबल मात्र मोकळंच ठेवलं. ते आजही मी चूक मानत नाही.

तेरावं उरकल्यावर काका आले. वॉर्डाच्या दाराशी उभे राहिले, उन्हानं थकलेले. मला वाटलं, आता नाही बोलले तर जन्मात बोलणार नाही. "काका, ते पाणी नळाचं होतं. तुमचं मी ओतलं."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "मी त्यात तुळशीचं पान घातलं होतं."

मला रडू आवरेना. क्षमा करा, म्हटलं. त्यांनी गमछ्यानं तोंड पुसलं. मग म्हणाले, क्षमा करायची तर तिनं, आणि ती आता नाही. ती डोळे लावून बघत होती हो, तिच्यासमोर मी काय बोलणार होतो? आयुष्यात तिच्याशी एवढं एकच खोटं बोललो.

मग त्यांनी प्यायला पाणी मागितलं. बाहेरच्या पाण्याला हा माणूस कधी शिवत नसे. व्हरांड्यात दिवसचे दिवस बसायचे तेव्हाही घरचा तांब्या बरोबर असायचा. मी फळीकडे वळले तर हातानं थांबवलं आणि मोरीकडे बोट केलं. ते आत आले, नळ सोडला, ओंजळ धरली. पिऊन झाल्यावर ओले हात तोंडावरून फिरवले.

"नळालाही गंगाच येते, बाई," ते म्हणाले. "तेरा दिवस मी स्वतःला हेच सांगतोय."

त्यांनी नळ घट्ट बंद केला आणि व्हरांड्यातून निघून गेले.